रो-हाउसमधलं वर्कशॉप: डस्ट कलेक्टरचा आवाज कमी कसा करावा?

शिसवी

नमस्कार मंडळी.

पुण्यात आमच्या रो-हाउसच्या गॅरेजमध्ये माझं लाकूडकाम चालतं. टेबल सॉ आणि बँड सॉ (दोन्ही विजेच्या करवती), फळी एकसारख्या जाडीची करणारा एक छोटा थिकनेसर, आणि या सगळ्यांना मिळून धूळ-भुसा ओढून घेणारा एक डस्ट कलेक्टर. २ एचपी, सिंगल फेज, २८८० आरपीएम, वर कापडी पिशवी, खाली भुसा जमायला प्लास्टिकची. मशीनपर्यंत ४ इंची लवचीक होज जमिनीवरून फिरवली आहे. जागा कमी असल्यामुळे कलेक्टर कोपऱ्यात आहे, आणि तो कोपरा नेमका शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीचा.

अडचणी दोन. खोलीत आवाज इतका कर्कश असतो की अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं. दुसरी जास्त महत्त्वाची: शेजारच्या बेडरूममध्ये भिंतीतून सतत 'घूंऽऽ' ऐकू येतं. त्यांची मुलगी यंदा दहावीला आहे. काकूंनी आजवर एका शब्दाने तक्रार केलेली नाही, पण त्यांना ती करायची वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मोबाइलवरच्या ॲपवर एक मीटर अंतरावरून ८३-८४ डेसिबल दिसतात. कलेक्टर बंद ठेवून काम करणं मला मान्य नाही. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) कापताना तर अजिबात नाही. भिंतींना फोम लावू, कलेक्टरला पेटी करू, की मशीनच बदलू? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलं आहे त्यांनी कृपया लिहा.

पटाशी

पेटीची फळी आणायच्या आधी आवाज कुठून येतोय ते वेगवेगळं करून बघा.

पहिलं, होज कलेक्टरच्या तोंडापासून काढा आणि मशीन चालू करा. कर्कशपणा बराच उतरला किंवा बदलला, तर दोष हवेच्या वाटेत आहे. दुसरं, मशीन बंद करा आणि पंखा आपोआप थांबेपर्यंत ऐका. वीज जाताच जो आवाज तत्क्षणी गेला तो मोटरचा. जो हळूहळू खाली उतरत गेला तो पंख्याचा आणि हवेचा. तिसरं, मशीन चालू असताना तळहात सामाईक भिंतीवर, मग फरशीवर, मग होजवर ठेवा. जिथे थरथर जाणवेल तिथून आवाज शेजारी जातोय.

आणि काकूंना विचारून पाच मिनिटं त्यांच्या बेडरूममध्ये जाऊन स्वतः ऐका. आपल्या खोलीतलं मोजमाप त्यांच्या खोलीबद्दल फारसं काही सांगत नाही.

माळवद

आमच्या ओळखीत एकांनी जनरेटरच्या खोलीला आतून थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे लावले होते. स्वस्तात होतं. बघा जमलं तर.

डक्टवाला

माळवद, हे बऱ्याच ठिकाणी केलेलं दिसतं, पण त्याने आवाज अडत नाही. आवाज अडवणं आणि आवाज शोषणं ही दोन वेगळी कामं आहेत. अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात. शोषायला तंतूंचा सच्छिद्र थर लागतो, ज्यात हवा शिरते आणि घर्षणाने तिची ऊर्जा खर्च होते. थर्माकोलला वजन नाही आणि त्याचे कण बंद असल्यामुळे हवा आत शिरत नाही, म्हणजे दोन्हीकडून शून्य. शिवाय वर्कशॉपमध्ये ठिणगी आणि भुसा एकत्र असतात, तिथे तो लावणं धोक्याचं आहे. अंड्यांचे ट्रेही तसेच.

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांची हवा खेळवण्याची कामं मी बरीच वर्षं केली, त्यामुळे या विषयावर जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या यंत्रातून तीन जातींचे आवाज येतात. २८८० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४८ फेरे. पंखा जरासा जरी असमतोल असला तरी ४८ हर्ट्झची थरथर होते. मोटरच्या चुंबकीय क्षेत्राची गुणगुण आपल्या ५० हर्ट्झ विजेमुळे १०० हर्ट्झवर असते. शेजारी जाणारं 'घूं' हे या दोघांचं. दुसरा आवाज पात्यांचा. पंख्याला समजा १२ पाती असतील तर ४८ गुणिले १२, म्हणजे ५७६ हर्ट्झचा सूर. खोलीत डोक्यात जाते ती शिट्टी ही. तिसरी हवेची सळसळ: होज, वळणं, पिशवी.

प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. भिंतीवर ५० मिमी रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) लावलंत तर पात्यांचा सूर आणि सळसळ खोलीत कमी घुमेल. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी मात्र जवळजवळ साडेतीन मीटर असते, तिला ५० मिमीचा थर जाणवतही नाही. शेजारचं 'घूं' भिंतीला काहीही चिकटवून जाणार नाही. ते जमिनीतून आणि भिंतीतून जातंय, तिथेच तोडावं लागेल.

कंप तोडायचं गणित सोपं आहे. रबर यंत्राच्या वजनाने किती दबतं ते मिलिमीटरमध्ये मोजा. १ मिमी दबलं तर त्या बैठकीची नैसर्गिक कंप्रता सुमारे १६ हर्ट्झ, ४ मिमी दबलं तर सुमारे ८. यंत्राचा कंप ४८ चा आहे, त्यामुळे बैठक १६ च्या खाली असेल तरच चांगला फायदा दिसतो. दुकानात मिळणारी कडक, पातळ रबराची चटई कलेक्टरखाली केसभरही दबत नाही, म्हणून ती घालून काहीच फरक पडला नाही असं लोक सांगतात. दाबल्यावर डोळ्यांना दबलेलं दिसतं असं रबर घ्या, चार कोपऱ्यांना चार तुकडे, आणि ते २-३ मिमी दबतील इतकं वजन त्यावर येऊ द्या.

वजन वाढवायला मध्ये शहाबादी फरशी घाला. दोन फूट बाय दोन फूट, ३० मिमी जाडीची फरशी साधारण ३० किलो भरते. खाली रबर, त्यावर फरशी, फरशीवर कलेक्टर घट्ट बोल्ट करून. चाकं काढून टाका. आणि सगळ्यात आधी तो कोपरा सोडा. सामाईक भिंतीपासून जितकं दूर जाता येईल तितकं.

तळघर

डक्टवालांच्या माहितीला जोड देतो. मी न्यू जर्सीत असतो, वर्कशॉप बेसमेंटमध्ये. इथे ६० हर्ट्झ वीज असल्यामुळे असाच कलेक्टर ३४५० आरपीएमने फिरतो आणि आवाज आणखी टोकदार असतो.

माझ्याकडे सगळ्यात मोठा फरक होजने पडला. आतून वळ्या असलेली होज हवेला गुळगुळीत पाइपच्या दुप्पट-तिप्पट अडवते आणि वर स्वतः शिट्टी वाजवते. मी भिंतीलगत ६ इंची गुळगुळीत पाइप टाकला, होज फक्त मशीनजवळ हातभर ठेवली. ९० अंशाच्या कोपऱ्याऐवजी ४५ चे दोन बेंड. कलेक्टरच्या तोंडाशी वळण अजिबात नको. पाइपच्या व्यासाच्या पाचपट तरी सरळ तुकडा असू द्या, म्हणजे हवा पंख्यात सरळ शिरते. वेडीवाकडी शिरली की पाती जास्त ओरडतात आणि ओढही कमी होते.

एक सावधगिरी. काही जण हवा सरळ बाहेर सोडतात, म्हणजे पिशवीचा आवाज आणि बारीक धूळ दोन्ही खोलीबाहेर. आमच्याकडे बेसमेंटमध्ये गॅसचा वॉटर हीटर असतो. खोलीतली हवा बाहेर ओढली की त्याच्या चिमणीतून धूर उलटा आत येऊ शकतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. बंद जागेत गॅसवर चालणारं काहीही असेल तर हे करू नका. तुमच्याकडे गीझर विजेचा असला तरी बाहेर सोडलेली हवा आवाज घेऊनच बाहेर पडते, आणि रो-हाउसला बाहेर म्हणजे शेजारच्यांची खिडकी.

लाकूडवेडी

पाइप ६ इंची करताना एक प्रश्न. रुंद पाइपात हवेचा वेग पडतो ना? मग भुसा मध्येच नाही का बसणार?

डक्टवाला

ताई, अगदी बरोबर शंका आहे. लाकडाचा भुसा उचलून न्यायला साधारण २० मीटर प्रतिसेकंद वेग धरतात. ४ इंची पाइपला त्यासाठी सुमारे ३३० सीएफएम (घनफूट प्रति मिनिट) हवा लागते, ६ इंचीला ७५०. छोट्या २ एचपी यंत्राला ती हवा ओढताना पिशवी स्वच्छ असावी लागते आणि मशीनचं तोंडही मोठं असावं लागतं. टेबल सॉचं तोंड अडीच इंची ठेवून मागे ६ इंची पाइप टाकला तर उभ्या भागात भुसा तळाशी साचेल. शिसवींच्या जागेत मी मुख्य ओळ ५ इंची करीन किंवा ४ इंचीच ठेवून अंतर कमी करीन, आणि मशीनची तोंडं कापून मोठी करीन.

कान_नाक_घसा

पेशाने डॉक्टर आहे, हौसेने खुर्च्या बनवतो. धूळ की आवाज असा प्रश्न कोणाच्या मनात असेल तर दोन्ही सांभाळा. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातलं आहे; नाक आणि सायनसच्या कर्करोगाशी तिचा संबंध पक्का आहे. एमडीएफमध्ये त्यात फॉर्मल्डिहाइडची भर. दिसणारा भुसा नाकात अडकतो, न दिसणारी बारीक धूळ हवेत बराच वेळ तरंगते आणि खोल जाते. म्हणून काम संपल्यावरही कलेक्टर थोडा वेळ चालू राहिला पाहिजे. तो आवाजामुळे लगेच बंद केला जातो, ही माझी खरी काळजी आहे.

कानांसाठी: ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरली जाते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. टेबल सॉ ९५ च्या आसपास गेला तर पाऊण तासात दिवसाचा कोटा संपला. इअरमफ लावल्याशिवाय कुठलंच यंत्र सुरू करू नका, कलेक्टर कितीही शांत झाला तरी.

पटाशी

डॉक्टरांच्या आकड्यांवरून एक आठवलं. सॉ ९५ आणि कलेक्टर ८३, दोन्ही मिळून ९५.३. प्रत्यक्ष कापताना कलेक्टरमुळे आवाजात जवळजवळ काहीच भर पडत नाही. फायदा होतो तो दोन कापांच्या मधल्या वेळात, आणि शेजारी. शिसवी, तुमची शेजाऱ्यांची काळजी हाच पहिला निकष ठेवा. निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा आहे, तीही लक्षात असू द्या.

शिसवी

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितलं त्या क्रमाने सुरुवात केली.

कलेक्टर समोरच्या कोपऱ्यात नेला, म्हणजे आता सामाईक भिंत आणि तो यांच्यात पूर्ण खोलीची रुंदी आहे. खाली रबराचे चार ठोकळे आणि शहाबादी. रबर बघताना दुकानदार हसला, पण मी उभा राहून दाबून बघूनच घेतलं. इम्पेलरचं (आतल्या पंख्याचं) झाकण उघडलं तर एका पात्यावर प्लायच्या सालीचा तुकडा अडकून चिकटला होता, तो काढला. थरथर तिथेच खूप कमी झाली. इम्पेलरभोवतीचा पत्रा बोटाने वाजवल्यावर घंटेसारखा वाजायचा. त्यावर गाडीच्या दारांना आतून लावतात ती डांबरी डॅम्पिंग शीट चिकटवली, आता नुसता 'ठप्प' वाजतो. होजच्या जागी पाइप टाकायचं काम सुरू आहे.

खोलीतला आवाज कमी झाला, पण पात्यांची शिट्टी आहेच. आता पेटी करावी म्हणतो. १८ मिमी प्लाय आणि आतून रॉकवूल, एवढं पुरेल? की प्लायचे दोन थर?

नाशिकचा_सुतार

साहेब, पेट्या खूप केल्या, जनरेटरच्या आणि कॉम्प्रेसरच्या. माझं ऐका, प्लायवर पैसे घालायच्या आधी दारावर घाला. सगळी पेटी दारात हरते.

डक्टवाले साहेब गणित सांगतीलच, मी काम सांगतो. दार चौकटीच्या आत बसवू नका, वरून बसवा, चहूबाजूंनी दीड इंच चढतं. चौकटीवर दोन ओळी रबर गॅस्केट, एक आतल्या कडेला, एक बाहेरच्या. साधी कडी लावलीत तर दार नुसतं टेकतं, दबत नाही. ट्रंकेला असतात तशा ओढून बसणाऱ्या कड्या लावा, वर एक, मध्ये एक, खाली एक. बिजागरीच्या बाजूलाही गॅस्केट दबलं पाहिजे, तिथे लोक विसरतात. सांध्यांना फेव्हिकॉल भरून स्क्रू, आणि आतून सगळ्या कोपऱ्यांत सिलिकॉन. वायर आणि पाइप जिथून जातो तिथलं भोक पाइपपेक्षा थोडं मोठं ठेवा आणि मधली जागा मऊ रबराने भरा. पाइप फळीला टेकला की पेटीच वाजायला लागते.

रॉकवूल उघडं ठेवू नका. काळं ग्लास टिश्यू किंवा पातळ सुती कापड ताणून लावा, नाहीतर त्याचे तंतू हवेबरोबर खोलीत येतील.

आणि भुशाची पिशवी काढायला हात नीट आत गेला पाहिजे. पिशवी काढणं अवघड झालं की माणूस ती भरू देतो.

डक्टवाला

सुतारदादांनी मुद्द्याचं सांगितलं. आकड्यात बघा: दोन मीटर उंच, ८० सेंमी रुंद दाराचा घेर ५.६ मीटर. चारी बाजूंनी फक्त २ मिमी फट राहिली तर ती ११० चौ. सेंमीच्या आसपास होते, म्हणजे दाराच्या क्षेत्रफळाच्या ०.७ टक्के. एवढ्या फटीने दार कितीही जड असलं तरी त्याचा फायदा २०-२२ डेसिबलच्या पुढे जात नाही. उलट प्लायचा थर दुप्पट केला तर मिळतात ५-६ डेसिबल. म्हणून आधी फट, मग वजन. दुसरा थर लावायचाच असेल तर प्लायऐवजी १२ मिमी सिमेंट बोर्ड घ्या, तो १८ मिमी प्लायपेक्षाही जड असतो.

आता हवा बाहेर पडायची वाट. कलेक्टर जितकी हवा ओढतो तितकी पेटीतून बाहेर आलीच पाहिजे. साधं भोक ठेवलंत तर आवाजही तिथूनच बाहेर. भोकासमोर आतून रॉकवूल लावलेला, दोन वळणांचा नागमोडी मार्ग करा, म्हणजे हवा वळून जाईल आणि आवाज अस्तरात मुरेल. मार्गाचं मोकळं क्षेत्रफळ ४ इंची पाइपच्या चौपट ठेवा, म्हणजे सुमारे ३२० चौ. सेंमी, १६ बाय २०. वेग चौथाईवर येतो, सळसळ होत नाही आणि ओढही मरत नाही. अस्तराची जाडी सोडून हे माप धरा.

उष्णतेची काळजी करू नका, पण दुर्लक्षही नको. २ एचपी मोटर पूर्ण भारावर साडेतीनशे-चारशे वॉट उष्णता टाकते. ती नागमोडी वाटेने हवेबरोबर बाहेर जाते, मोटर त्या प्रवाहात येईल अशी ठेवली की झालं. सुरुवातीला अर्धा तास चालवून मोटरला हात लावून बघा.

लाकूडवेडी

माझ्याकडे कोल्हापुरात फ्लॅटच्या बाल्कनीत फक्त व्हॅक्यूम क्लीनर आहे, ब्रशवाल्या मोटरचा. त्याला अशी पेटी चालेल का? होज तुंबली की तो किंचाळायलाच लागतो.

डक्टवाला

तो किंचाळतो कारण हवा थांबली की मोटरवरचा भार उतरतो आणि तिचा वेग वाढतो. त्या मोटरी मिनिटाला वीस हजार फेऱ्यांच्या आसपास असतात. सूर उंच असल्यामुळे पेटीत तो लवकर मरतो, त्या बाबतीत तुमचं काम शिसवींपेक्षा सोपं आहे. पण ती मोटर छोट्या जागेत खूप तापते. हवेची वाट मोठी ठेवा, पेटी बंद ठेवून तो सलग वीस मिनिटांहून जास्त चालवू नका, आणि व्हॅक्यूमच्या आधी एक छोटा सायक्लोन डबा (हवा गोल फिरवून भुसा वेगळा करणारा) लावा म्हणजे फिल्टर तुंबणारच नाही.

तळघर

कोणी व्हीएफडीचा, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाचा, विचार केला आहे का? वेग २० टक्के कमी केला तर पंख्याचा आवाज जवळजवळ ५ डेसिबलने उतरतो. बँड सॉसाठी पूर्ण वेग लागतही नाही.

पटाशी

शिसवींची मोटर सिंगल फेज कॅपॅसिटरची आहे, ती व्हीएफडीवर चालत नाही. त्यासाठी थ्री फेज मोटर लागेल. आपल्याकडच्या २ एचपी मोटरी बहुधा ४१५ व्होल्टसाठी 'स्टार' पद्धतीने जोडलेल्या येतात. तारांची सहा टोकं बाहेर असतील तर 'डेल्टा' या दुसऱ्या पद्धतीने जोडून २३० व्होल्टच्या, सिंगल फेज घेणाऱ्या व्हीएफडीवर चालवता येते. जोडणी माहीतगार वायरमनकडूनच. आणि वेग उतरवला की हवाही त्याच प्रमाणात उतरते, भुसा उचलला जातोय का ते बघत राहावं लागेल. मी तरी आधी पेटी पूर्ण करीन.

शिसवी

पेटी झाली. दार वरून चढणारं, दोन ओळी गॅस्केट, तीन ओढकड्या. नागमोडी वाट पेटीच्या पाठीला आहे. शिट्टी गेली, आता खोलीत कलेक्टर चालू असताना फोनवर बोलता येतं. मोटर तासभरानंतरही हाताला सोसेल इतकीच तापते.

काल काकूंकडे जाऊन बसलो. बेडरूममध्ये शांत आहे. मात्र हॉलमध्ये, जिन्याच्या बाजूला, बारीकसा 'घूं' अजून येतो. पाइप सामाईक भिंतीवरून नेला आहे, पत्र्याच्या पाच क्लॅम्पने. तेच असेल का?

डक्टवाला

तेच असणार. पाइप कलेक्टरला थेट जोडलेला असेल तर रबराच्या बैठकीला वळसा घालून कंप त्या क्लॅम्पमधून भिंतीत उतरतो. कलेक्टरचं तोंड आणि पाइप यांच्यात वीतभर मऊ रबरी नळी घाला, दोन्ही टोकांना होज क्लिप. ती आतून गुळगुळीत हवी, आणि पाइपची टोकं एकमेकांना टेकता कामा नयेत. त्यानंतरही आवाज राहिला तर भिंतीवरचे क्लॅम्प काढून पाइप जमिनीवरच्या लाकडी घोड्यांवर घ्या. आधी एक क्लॅम्प सोडून काकूंच्या हॉलमध्ये कोणाला तरी उभं करा, मग दुसरा सोडा. कुठला बोलतोय ते लगेच कळेल.

शिसवी

रविवारी दुपारी करतो. काकूंची मुलगी म्हणाली आहे की तीच हॉलमध्ये उभी राहून सांगेल.